लातूरच्या कोरड्या हवेत काळी पडलेली भिंत : ओल, बुरशी आणि भरपाईचा दावा

कोकणात भिंत काळी पडली तर हवेच्या नावाने खापर फोडता येतं. लातुरात वर्षातले सात-आठ महिने दोरीवरचं धुणं तासाभरात वाळतं. अशा ठिकाणी घराच्या भिंतीवर बुरशी धरली, तर तिला कुठून तरी रोज पाणी मिळतंय, एवढं नक्की. भरपाईचा दावाही याच पाण्यावर उभा राहतो. पाणी कुठून आलं हे दाखवता आलं तर बुरशीचं नाव माहीत नसलं तरी चालतं. ते दाखवता आलं नाही, तर प्रयोगशाळेचे दहा अहवाल जोडूनही फारसं काही हाती लागत नाही.

पुढचं प्रकरण नमुन्यादाखल रचलेलं आहे. त्यातलं कुटुंब, बिल्डर आणि रकमा कल्पित आहेत. कलमं, मुदती, फी आणि चाचण्यांच्या पद्धती खऱ्या आहेत.

घर आणि घटना

लातूर शहरातली पाच मजली इमारत, वीस फ्लॅट, प्रकल्प महारेरात (रेरा कायद्याखालच्या राज्याच्या बांधकाम-प्रकल्प नियामक प्राधिकरणात) नोंदलेला. तिसऱ्या मजल्यावरचा दोन बेडरूमचा फ्लॅट एका शिक्षक दांपत्याने ३२ लाख ४० हजारांना घेतला. ताबा १२ जून २०२२ ला मिळाला. घरात सात वर्षांचा मुलगा. २०२४ च्या सप्टेंबरात, महालक्ष्म्यांच्या आवराआवरीत मुलाच्या खोलीतलं प्लायवूडचं कपाट हलवलं, तेव्हा मागची भिंत छतापासून चार फूट खालपर्यंत काळी-हिरवी झालेली दिसली. पुट्टीचे पोपडे सुटले होते आणि कोपऱ्यात लोणा (क्षारांची पांढरी भुकटी) फुलला होता. कपाटाची पाठ फुगली होती, गादीला कुबट वास येत होता.

९ सप्टेंबरला बिल्डरला व्हॉट्सअॅपवर फोटो गेले : "साहेब, पोराच्या खोलीत लई ओल आलीय, बुरशी धरलीय." उत्तर आलं : "रंगारी पाठवतो, दसऱ्याच्या आत करून देतो." ५ ऑक्टोबरला रंगारी आला, खरवडून पुट्टी भरली, दोन हात रंग मारला. डिसेंबरच्या मध्यावर त्याच जागी डाग पुन्हा उमटले.

रंग मारू देणं ही बहुतेक घरांत होणारी पहिली चूक. त्याने पाणी थांबत नाही, पुरावा मात्र झाकला जातो. इथे तीन गोष्टींनी सावरून घेतलं. फोटो रंगाच्या आधीचे होते, फोटोत भिंतीला टेप लावलेली असल्याने डागाचं माप कळत होतं, आणि सुटलेल्या प्लास्टरचे दोन तुकडे कागदी पिशवीत जपून ठेवलेले होते. (ओला तुकडा प्लास्टिकच्या पिशवीत बंद केला तर आतच बुरशी वाढते आणि नमुना वाया जातो.) "रंगारी पाठवतो" हा बिल्डरचा संदेश तर पुढे सगळ्यात उपयोगी ठरला. दोष कळवला होता आणि बिल्डरने तो दुरुस्त करायला घेतला होता, या दोन्ही गोष्टी त्या एका ओळीत आल्या.

फोन बदलला की असे पुरावे हरवतात. मूळ फाइल त्याच फोनमध्ये ठेवावी, चॅट एक्स्पोर्ट करून ठेवावी आणि दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं) प्रमाणपत्र जोडावं. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५-ब ची जागा या कलमाने घेतली आहे. ग्राहक आयोगात पुराव्याचे नियम तितके ताठ नसले, तरी समोरचा वकील पहिला आक्षेप इथेच घेतो.

पाण्याचा माग

पाण्याचे संशयित चार होते : वरच्या फ्लॅटचं बाथरूम, स्वतःच्या बाथरूमची भिंतीत गाडलेली पाइपलाइन, बाहेरच्या भिंतीच्या भेगेतून शिरणारा पाऊस आणि खोलीतलीच दमट हवा. प्रत्येकाचा जबाबदार माणूस वेगळा असतो. म्हणून नोटिशीच्या आधी सिव्हिल इंजिनिअरला घरी आणणं भाग होतं.

२० डिसेंबरच्या पहिल्या भेटीत ओलावा मोजायचं यंत्र भिंतीवर फिरवलं. छतापासून अर्धा फूट खाली आकडा ८१, मध्यावर ४६, फरशीजवळ १९ आणि समोरच्या कोरड्या भिंतीवर १२. हे यंत्र मुळात लाकडासाठी बनलेलं असतं. त्यामुळे प्लास्टरवरचा आकडा म्हणजे पाण्याचे टक्के नव्हेत. एकाच यंत्राने, एकाच भिंतीवर घेतलेले आकडे एकमेकांशी ताडून पाहायचे असतात. अहवालात हे वाक्य नसेल तर उलटतपासणीत इंजिनिअरची फजिती होते. पण ओलाव्याचा उतार स्पष्ट होता : ओल वरून खाली उतरत होती. पायातून चढणारी ओल असती तर आकडे उलटे दिसले असते, आणि गाडलेली पाइप गळत असती तर पाइपच्या उंचीवर ते वाढले असते. तरी प्लंबरने हातपंपाने पाइपलाइनला दाब देऊन पाहिलाच. गेजचा काटा हलला नाही.

दुसरी चाचणी स्वस्तातली. दीड फूट लांब-रुंद जाड पारदर्शक प्लास्टिक भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवलं आणि दुसऱ्या दिवशी उघडलं. थेंब प्लास्टिकच्या आतल्या अंगाला, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला जमले होते. खोलीतल्या दमट हवेचं पाणी असतं तर ते बाहेरच्या अंगाला दिसलं असतं. मराठवाड्यात ही चाचणी सोडूच नये, कारण बिल्डरचं ठरलेलं उत्तर असतं : "तुम्ही कूलर लावता, खिडकी बंद ठेवता."

दुसरी भेट १७ फेब्रुवारी २०२५ ला झाली, आणि दाव्याचा कणा तिथे तयार झाला. फेब्रुवारीत लातुरात पाऊस नसतो, कूलर अजून माळ्यावरून उतरलेले नसतात, हवा कोरडीठाक. तरी छताजवळचा आकडा ७६ होता. मधल्या काळात, जानेवारीत वरचं कुटुंब तीन आठवडे गावी गेलं होतं. त्या तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी घेतलेला आकडा ४३ होता. माणसं परतली आणि आकडा चढला. यानंतर पावसावर बोट ठेवायला जागा उरली नाही.

राहिली वरच्या बाथरूमची चाचणी. वरच्या मालकांनी आधी साफ नकार दिला. कारण उघड होतं : दोष आपल्या बाथरूममध्ये निघाला तर फरशी फोडायचा खर्च आपल्या गळ्यात पडेल ही धास्ती. त्यांच्याही फ्लॅटचा ताबा २०२२ चाच आहे, पाच वर्षं झालेली नाहीत, त्यामुळे वॉटरप्रूफिंगचा दोष निघाला तर खर्च बिल्डरचा, असं लेखी दिल्यावर ते तयार झाले आणि पुढे त्यांनी प्रतिज्ञापत्रही दिलं. शेजाऱ्याला पहिल्याच दिवशी नोटीस धाडली असती तर हा साक्षीदार हातचा गेला असता.

नहाणी ट्रॅपचं (सांडपाणी जाण्याच्या मार्गाचं) तोंड बंद करून बाथरूममध्ये दोन इंच रंगीत पाणी ४८ तास तुंबवून ठेवलं. ३१ व्या तासाला खालच्या कोपऱ्यात रंग उतरला. संकन स्लॅबमधला, म्हणजे बाथरूमखालच्या खोलगट स्लॅबमधला कोबा (भराव) पाणी धरून बसला होता, आणि ट्रॅपभोवतीचा सांधा नीट भरलेला नव्हता. चाचणीला हजर राहण्यासाठी बिल्डरला चार दिवस आधी लेखी कळवलं होतं. तो आला नाही, हेही पंचनाम्यासारखं लिहून दोन शेजाऱ्यांच्या सह्या घेतल्या.

आजाराचा दावा किती ताणायचा

मुलाला रात्री खोकला आणि धाप लागायची, नेब्युलायझर द्यावं लागायचं. घरच्यांची पहिली इच्छा "बुरशीने पोराला दमा झाला" असं लिहायची होती. ते लिहिलं नाही हेच बरं झालं. २०२१ च्या, म्हणजे ताबा मिळण्याच्या आधीच्या एका केसपेपरवर "व्हीज" (श्वासातली घरघर) अशी नोंद होती. ती दडवली असती आणि नंतर बिल्डरच्या वकिलाने बाहेर काढली असती, तर ओलीचा भक्कम पुरावाही संशयात सापडला असता.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. ओल्या, बुरशी धरलेल्या घरांचा खोकला, घरघर आणि दमा बळावण्याशी संबंध आहे, याला पुरेसा आधार असल्याचं त्यांत म्हटलं आहे. मात्र "इतक्या बीजाणूंच्या वर धोका" अशी संख्या ठरवलेली नाही. भारतातही घरातल्या बुरशीसाठी कायद्याने ठरवलेली मर्यादा नाही. त्यामुळे "मर्यादेच्या वर बुरशी सापडली" असं वाक्य अर्जात घालू नये. काळा रंग दिसला म्हणून "विषारी काळी बुरशी" असंही लिहू नये : स्टॅकिबोट्रिस काळी असते, तशी क्लॅडोस्पोरियम आणि अॅस्परजिलस नायजरही काळीच दिसते. बाजारातली काचेची बशी उघडी ठेवून करायची चाचणी निरुपयोगी आहे. हवेत बीजाणू सगळीकडेच असतात, बशीत काहीतरी उगवणारच. हवेचा नमुना घ्यायचाच असेल तर एकाच दिवशी घरात आणि घराबाहेर दोन्हीकडे घ्यावा, म्हणजे तुलना करता येते. इथे फक्त भिंतीवरचा टेप-नमुना एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत दिला आणि तेवढा पुरला.

आरोग्याच्या बाजूने खरं वजन पडलं ते एका वहीचं. इनहेलर कधी दिला, रात्री किती वेळा उठला, कुठे झोपला होता, एवढंच आईने सप्टेंबरपासून तारखेनिशी टिपलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत मुलगा उदगीरला मामाकडे १८ दिवस होता; त्या काळात इनहेलर दोनदाच लागला. परत आल्यावर पहिल्या आठवड्यातच पाच वेळा. छातीरोगतज्ज्ञाने केसपेपर, वही, स्पायरोमेट्री (फुफ्फुसांची क्षमता मोजणारी चाचणी) आणि बुरशीविरुद्धच्या आयजीईचा (अॅलर्जी दाखवणाऱ्या रक्तघटकाचा) अहवाल पाहून लिहून दिलं : आधीपासून असलेली श्वसनमार्गाची अतिसंवेदनशीलता ओल व बुरशीच्या संपर्काने बळावल्याचं दिसतं, आणि संपर्क टळताच सुधारणा होते. हे वाक्य "दमा झाला" यापेक्षा मवाळ वाटतं, पण ते खोडून काढणं कितीतरी अवघड.

नोटीस आणि दार कुठलं ठोठवायचं

रेरा कायद्याचं कलम १४(३) सांगतं : ताब्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामाचा, कारागिरीचा, दर्जाचा किंवा सेवेचा दोष बिल्डरच्या निदर्शनास आणला, तर त्याने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त केला पाहिजे; नाही केला तर भरपाई द्यावी लागते. पाच वर्षांची अट दोष कळवण्याला आहे. इथे ती ११ जून २०२७ पर्यंत होती. २४ फेब्रुवारीची नोटीस दोन पानांची होती : ताब्याची तारीख, आधीचे संदेश, इंजिनिअरचा निष्कर्ष, नेमकं काय हवं (वरच्या बाथरूमचं वॉटरप्रूफिंग नव्याने, मग खालचं प्लास्टर) आणि ३० दिवस. ती रजिस्टर पोस्टाने पोचपावतीसह आणि ईमेलनेही गेली. (२०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, आता स्पीड पोस्टाने पाठवून पोचल्याचा पुरावा जपावा.)

उत्तरात अपेक्षेप्रमाणे कूलर आला, सप्टेंबर २०२४ ची अतिवृष्टी आली आणि "आतल्या फेरफारामुळे" हेही आलं. अतिवृष्टी झाली होती हे खरंच. पण डाग पडलेली भिंत आतली, बाथरूमलगतची. तिच्यावर पावसाचा थेंबही पडत नाही.

आता दोन दारं होती. महारेरात तक्रारीची फी ५,००० रुपये आणि भरपाई ठरवण्यासाठी न्यायनिर्णय अधिकारी. वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी, जिल्हाधिकाऱ्यांमार्फत. ग्राहक आयोगात भरलेल्या मोबदल्यावरून पायरी ठरते : ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, आणि २० ते ५० लाखांच्या टप्प्याला फी १,००० रुपये. इम्पेरिया स्ट्रक्चर्स प्रकरणात (२०२०) सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही मार्ग खुले असल्याचं सांगितलं. मात्र एकाच मागणीसाठी दोन्हीकडे धावता येत नाही. या कुटुंबाने लातूरचा जिल्हा आयोग निवडला. औषधोपचार, सामान आणि मनस्ताप हे सगळं एका तक्रारीत मागायचं होतं, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रारदार राहतो तिथेच तक्रार करता येते, आणि वकील लावलाच पाहिजे असं नाही. केवळ दुरुस्तीच हवी असती, तर महारेरा जास्त सरळ पडलं असतं.

मुदत याच ग्राहक कायद्याच्या कलम ६९ प्रमाणे कारण घडल्यापासून दोन वर्षं. बिल्डर "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणत राहिला म्हणून हे घड्याळ थांबत नाही. तक्रार ऑगस्ट २०२५ मध्ये ई-जागृती पोर्टलवर दाखल झाली. बिल्डरला लेखी म्हणणं मांडायला ३० दिवस आणि फार तर आणखी १५. त्यापलीकडे आयोगालाही मुदत वाढवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये पक्कं केलं आहे. ४५ वा दिवस कोणता हे तक्रारदाराने स्वतः मोजून ठेवावं.

जिल्ह्याच्या ठिकाणी अनेक इमारती आठ फ्लॅटच्या आत किंवा ५०० चौरस मीटरपेक्षा लहान जागेवर असतात. त्यांना रेरा नोंदणीची सक्ती नाही. अशा वेळी ग्राहक आयोग हाच व्यवहार्य रस्ता. ओल गच्चीतून किंवा सामाईक पाइपमधून येत असेल आणि सोसायटीने ताबा घेतलेला असेल, तर आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे) ती दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने व्हायची असते. वरच्या मालकाने स्वतः बाथरूम फोडून बदल केला असता, तर बिल्डर सुटला असता आणि त्या मालकाविरुद्ध दिवाणी न्यायालय गाठावं लागलं असतं.

भाडेकरूची गोष्ट वेगळी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम १४ नुसार घर दुरुस्त ठेवणं हे घरमालकाचं काम आहे. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही वाजवी वेळात त्याने काही केलं नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. पण एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. सरळ भाडं थांबवणं मात्र धोक्याचं, कारण मग थकबाकीचा दावा उलट भाडेकरूवरच येतो. गृहविम्यावर फार भिस्त नको : भारत गृह रक्षा पॉलिसीत टाकी-पाइप अचानक फुटणं, भरून वाहणं येतं, महिनोन्‌महिने झिरपणारी ओल बहुधा बाहेर ठेवलेली असते.

मागणीचा तक्ता

वॉटरप्रूफिंग वगळून खालच्या खोलीच्या दुरुस्तीचं कोटेशन १,३८,०००. एप्रिल ते जुलै दुसरीकडे राहिल्याचं भाडं ९,००० प्रमाणे ३६,०००, बँकेतून दिलेलं. औषधोपचार २७,४००, त्यात फक्त सप्टेंबर २०२४ नंतरची आणि फक्त श्वसनाची बिलं. कपाट आणि गादी नवी असताना ४१,००० ची होती. वापराची घट धरून २२,००० मागितले. इंजिनिअर आणि चाचण्या १४,५००. इथवर २,३७,९००, आणि प्रत्येक रुपयामागे कागद. त्यावर मनस्तापाचे १,००,००० आणि तक्रारखर्चाचे २५,०००, एकूण ३,६२,९००. "पंचवीस लाख द्या" अशी मागणी कानाला भारी वाटते, पण ती बाकीच्या तक्त्याचीही पत घालवते.

तडजोड आणि पाण्याची परीक्षा

आयोगाने प्रकरण मध्यस्थीला पाठवलं. बिल्डर आजारपणाची जबाबदारी लेखी घ्यायला तयार नव्हता. तक्रारदारांनी तो शब्द सोडला, रक्कम सोडली नाही. ठरलं ते असं : वरच्या बाथरूमचं वॉटरप्रूफिंग आणि खालच्या खोलीची दुरुस्ती बिल्डरने स्वखर्चाने करायची, शिवाय १,९०,००० रुपये दोन हप्त्यांत, कामाची दोन वर्षांची लेखी हमी, आणि दुसरा हप्ता व अंतिम पुरसिस (प्रकरण मिटल्याचं लेखी निवेदन) ४८ तासांची पाण्याची चाचणी पार पडल्यावरच. आदेश मोडला तर ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ७२ खाली एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा किमान २५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, ही बिल्डरच्या वकिलाला ठाऊक असलेली गोष्ट होती.

कामाचा क्रमही अटींत लिहिला : आधी वरची गळती बंद, मग खालची भिंत वाळवणं, मग डागाच्या दोन फूट पलीकडपर्यंत प्लास्टर काढणं, आणि रंग सगळ्यात शेवटी. प्लास्टर काढताना दाराला प्लास्टिकचा पडदा, कामगारांना एन-९५ मास्क आणि गॉगल, भिंत कोरडी न खरवडता पाणी शिंपडून, मलबा गोण्यांत तोंड बांधून बाहेर. मुलगा त्या आठवड्यात उदगीरला.

पहिल्या चाचणीत विसाव्या तासाला वरच्या बाथरूमचं पाणी अर्धा इंच उतरलं. ठेकेदार म्हणाला, वाफ होऊन गेलं. शेजारी तेवढ्याच पाण्याने भरून ठेवलेल्या घमेल्यातली पातळी बोटाच्या पेराइतकीही हलली नव्हती. ट्रॅपचा सांधा पुन्हा उघडला, तेव्हा आत जुनाच मसाला निघाला; वरून फक्त केमिकलचे दोन हात मारलेले होते. कोबा काढून सांधा नव्याने भरला आणि चाचणी परत लावली. ४८ तासांनी पातळी भिंतीवरच्या पेन्सिलच्या रेघेवरच होती. महिन्याने खालच्या भिंतीचा छताजवळचा आकडा १५ आला, मग दुसरा धनादेश वटवला आणि पुरसिसवर सही झाली.